उजेडाकडे धरलेला ग्लास

भोवऱ्याला एका जागी बूड टेकून बसलेला जो कुणी दाखवेल त्याला चहा, अशी पैज लाँड्रीतल्या प्रेसवाल्या बायकांनी लावली होती. तो चहा अजून कुणाला मिळाला नव्हता. मोठ्या हॉटेलांचे टेबलक्लॉथ, दवाखान्यांच्या चादरी, स्वयंपाक्यांचे पांढरे कोट असला माल धुणारी ती लाँड्री, आणि कपड्यांना द्यायची खळ शिजवणं हे भोवऱ्याचं काम. खळ शिजताना तिच्यापाशी उभं राहावंच लागतं, नाहीतर गुठळ्या होतात, हे खरं. पण हा उभासुद्धा धड राहायचा नाही. ढवळता ढवळता मनगट वळवून घड्याळ बघायचा, मग दाराकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. जेवायचा तोही डबा हातात धरून, फेऱ्या मारत. सुपरवायझर म्हणायचा, ह्याच्या पायांना चाकं बसवली असती तर माल पोचवायला गाडी घ्यावी लागली नसती.

गंमत अशी, की हा माणूस मुळात आळशी. पूर्वी त्याचं नाव भोवरा नव्हतं, गादी होतं. दुपारच्या सुट्टीत वाळून आलेल्या गरम चादरींच्या ढिगावर तो एकदा लवंडला की हलवल्याशिवाय उठत नसे. एकदा बायकांनी त्याला ढिगासकट ढकलगाडीत घालून गोदामात नेऊन ठेवलं, तरी पठ्ठ्या घोरतच होता. गादीचा भोवरा झाला तो लेकीमुळं.

लेक झाली ती गुबगुबीत गालांची, पोट जरा पुढं आलेली. येणारा-जाणारा म्हणे, काय बाळसं धरलंय पोरीनं. तिला ठमी म्हणायला लागले ते तेव्हापासून. पण ते बाळसं नव्हतं, आजार होता. दूध पाजायला थोडा उशीर झाला की ठमी घामानं निथळायची, हातपाय गार पडायचे, डोळे फिरवायची. मरता मरता वाचली असं एकदा नाही, बऱ्याचदा झालं. शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी रोग धरला.

बाई बोलायला सडेतोड, पण समजावून सांगायची हौस दांडगी. त्यांनी नवराबायकोला समोर बसवलं आणि स्वतःच्या गळ्यातली मण्यांची माळ काढून टेबलावर ठेवली. धान्य म्हणा, बटाटा म्हणा, त्या सांगू लागल्या, त्यात असतात साखरेच्या मण्यांच्या लांबच लांब माळा. झाडानं पुढच्या दिवसांसाठी ओवून ठेवलेल्या. आपण त्या खातो, पोट माळ तोडतं, एकेक मणी रक्तात उतरतो, आणि त्याच्यावर मेंदू चालतो, हातपाय चालतात. जेवणानंतर जास्तीचे मणी लिव्हर गोळा करतं आणि पुन्हा ओवून ठेवतं, खूप फांद्या फुटलेल्या झुडपासारखं. दोन जेवणांच्या मधल्या वेळात, झोपेत, त्या साठ्यातलेच मणी सुटत राहतात. रात्रभर उपाशी असून आपण सकाळी उठतो ते त्या कोठाराच्या जिवावर. तुमच्या पोरीचं कोठार रिकामं नाही. उलट तुडुंब भरलंय, म्हणून तिचं पोट पुढं आलंय. पण कोठारातून सुटणाऱ्या मण्याला एक बिल्ला चिकटलेला असतो. तो काढून घेणारा हिच्यात जन्मापासून नाही. आणि बिल्ल्यासकट मण्याला दाराबाहेर सोडत नाहीत.

बिल्ला म्हटल्यावर भोवऱ्याला लगेच कळलं. लाँड्रीत आलेल्या प्रत्येक गठ्ठ्याला खुणेचा बिल्ला लागतो, आणि तो सोडवल्याशिवाय गठ्ठा फाटकाबाहेर पडत नाही. बिल्ले सोडवणारी बाई एक दिवस आली नाही तर गोदाम गच्च आणि हॉटेलांची टेबलं उघडी. आपल्या पोरीच्या पोटात जन्मभर ती बाई येणारच नाही, असा त्यानं अर्थ लावला, आणि तो बरोबर होता.

उपाय ऐकून मात्र त्याला हसावं की रडावं कळेना. मक्याचा पांढरा स्टार्च, म्हणजे कॉर्नफ्लोअर, थंड पाण्यात कालवून दर चार तासांनी प्यायला द्यायचा, दिवसा आणि रात्रीही. ज्याची पोती तो रोज फोडत होता, तेच. लाँड्रीतलं नको, बाईंनी बजावलं, त्यात नीळ आणि काय काय मिसळलेलं असतं, खाण्याचं आणा. आणि एक गोष्ट मेलात तरी विसरू नका, गरम करायचं नाही. कच्च्या दाण्यात माळा घट्ट दाबून बसवलेल्या असतात. पोट त्या बाहेरून कुरतडत बसतं आणि साखर हळूहळू, तासन्‌तास झिरपत राहते. गरम पाणी लागलं की दाणा फुगतो, फुटतो, माळा मोकळ्या होतात आणि पोट त्यांचा एकदम फडशा पाडतं. आधी पूर, मागोमाग दुष्काळ. पुढच्या ग्लासाची वेळ व्हायच्या आत पोर आडवी पडेल.

हे त्याला सांगायला नकोच होतं. दुधासारखं पांढरं गढूळ पाणी उकळत्या पाण्यात पडलं की बघता बघता दाट होतं, काचेसारखं आरपार दिसायला लागतं, हा क्षण त्यानं इतक्यांदा पाहिला होता की त्याच्या हाताला तो डोळे मिटूनही कळत असे. त्यानं एकच प्रश्न विचारला, आणि चादर? कापूसही झाडाचाच ना? बाईंनी माळ पुन्हा उचलली. मग म्हणाल्या, कापूसही तेच हो, तोच साखरेचा मणी. पण एक सुलटा, एक उलटा असा ओवलेला. त्यामुळं धागे एकमेकांना चिकटून पक्के होतात, आणि ती गाठ कापणारी सुरी आपल्या पोटात नाही. म्हणून कापूस अंगावर घालता येतो, खाता येत नाही. दुसऱ्या दिवशी भोवरा इस्त्रीच्या रोलरमधून निघणाऱ्या चादरीकडे, तिच्यावरच्या खळीकडे कितीतरी वेळ बघत राहिला. त्यानं चादरीचा कोपरा चावून पाहिला असं एक प्रेसवाली अजून सांगते. खरं-खोटं तीच जाणे.

तेव्हापासून त्याची झोप तुकड्यातुकड्यांची झाली. बायको बस डेपोच्या तिकीटखिडकीवर होती, तिच्याही पाळ्या असायच्या. दोघांनी ग्लास वाटून घेतले. पण बायकोनं केलेला ग्लास हा आधी खिडकीशी नेणार, उजेडाकडे धरून बघणार, पांढरा आणि पातळ आहे ना अशी खात्री करणार, मगच पोरीच्या हातात देणार. स्वतः केलेला ग्लास तो कधी बघत नसे. आपल्याच हाताला काय बघायचं? ठमी शाळेत जायला लागली तशी मधल्या सुट्टीत हा सायकलवरून हजर. एका हातात थंड पाण्याची बाटली, खिशात पिठाचा डबा. पोरं त्याला ग्लासवाले काका म्हणायची. लहान होती तोवर ठमीला त्याचं अप्रूप वाटे. मोठी झाली तशी ती फाटकाच्या आड उभी राहून, कुणी बघायच्या आत, घटाघट प्यायला लागली.

आता त्याच्या बहिणीविषयी सांगायला हवं. थोरली बहीण, ह्याला जिनं कडेवर खेळवलं ती. तिला मूलबाळ नव्हतं, आणि ठमीवर तिचा जीव. ठमी नुकती चालायला लागली असेल तेव्हा ती मदतीला म्हणून येऊन राहिली. एके दिवशी दुपारी नवराबायको दोघंही कामावर, आणि पोरगी ग्लासाला तोंड लावेना. खडू पाण्यात कालवल्यासारखी ती चव, कुणाला आवडावी? आत्यानं दोनदा दिला, दोनदा पोरीनं थुंकला. मग आत्याच्या मनात माया आली. तिनं ते चुलीवर जरा कोमट करायला ठेवलं, आणि ते घट्ट, मऊ, गुळगुळीत झालं. ठमीनं चमचा चाटूनपुसून खाल्ला. पोरीनं पहिल्यांदा आवडीनं काही खाल्लं म्हणून आत्याला कोण आनंद झाला. भोवरा घरी आला तेव्हा पोर आत्याच्या मांडीवर ओलीगार पडली होती, आणि आत्याला वाटत होतं तिला झोप लागलीय.

दवाखान्यात सलाईनमधून साखर गेली आणि ठमी परत आली. पण त्या संध्याकाळी दवाखान्याच्या पायऱ्यांवर भोवरा बहिणीला जे बोलला ते परत येण्यासारखं नव्हतं. तुझ्या हातचं पाणीसुद्धा माझ्या पोरीला नको, असं तो म्हणाला, आणि तेवढ्यावर थांबला नाही. तुला पोटचं असतं तर कळलं असतं, असंही म्हणाला. बहिणीनं वर पाहिलं नाही. आपली पिशवी उचलली आणि रात्रीच्या गाडीनं आपल्या गावी निघून गेली. दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात. हा तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला. पुढं वडील वारले तेव्हा ती दोन दिवस येऊन गेली. ह्यानं तिच्याशी एक शब्द काढला नाही, आणि तिच्या तिथं असण्याचे दोन्ही दिवस ठमीला लाँड्रीत नेऊन तिथं ग्लास पाजला.

बघता बघता ठमीनं शाळा संपवली. उंची बेताचीच राहिली, गाल तसेच, पण नजर अशी की रोलरखालून जाणाऱ्या टेबलक्लॉथवरचं सुईएवढं भोक ती लांबून दाखवायची. सुट्टीत बाप तिला घरी एकटी ठेवायला तयार नसे, म्हणून ती लाँड्रीतच रफूच्या टेबलाशी बसून कपडे सांधायची. तिथं बसल्या बसल्या तिच्या डोक्यात आलं की आपण चष्म्याची भिंगं घासायला शिकावं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता, तिनं अर्ज केला आणि तिला जागा मिळाली. अडचण एवढीच, की संस्था होती आत्याच्या गावात. वसतिगृह नव्हतं. राहायचं झालं तर आत्याकडेच.

घरात हे कळलं त्या दिवसापासून भोवऱ्यानं अंगणाची फरशी झिजवायला घेतली. नाही म्हणजे नाही. हवं तर इथं शिवण शीक, टायपिंग शीक, लाँड्रीत ये. पण तिकडं नाही. बायकोनं आधी समजुतीनं घेतलं. पोरगी अजाण राहिली नाही, तिचा आजार तिला आपल्याहून जास्त कळतो, ती म्हणाली. मग एका रात्री ती वैतागली.

"पोरगी आहे ती. खळीचं पातेलं नव्हे, जन्मभर ढवळत उभं राहायला," ती म्हणाली.

"ढवळायचं सोडलं म्हणजे काय होतं ते ताईनं दाखवलंय," तो म्हणाला, आणि बाहेर जाऊन पुन्हा फेऱ्या घालू लागला.

ठमी ह्या सगळ्यात काही बोलत नव्हती. तिचं न बोलणं त्याला बोलण्यापेक्षा जास्त जाचायचं. ती रुसली असती, आदळआपट केली असती, तर त्यालाही आवाज चढवता आला असता. ती ग्लास घ्यायची, प्यायची, विसळून ठेवायची. तो तिच्याकडे बघायचा आणि त्याला वाटायचं, आपण हिला जगवतोय की नुसतं धरून ठेवलंय? मग तो विचार नको म्हणून तो आणखी भराभर चालायचा.

संस्थेला होकार कळवायचा शेवटचा दिवस आला तो नेमका लाँड्रीत आग लागल्यासारखा. आग नव्हती, बॉयलर बसला होता. कुठल्याशा हॉटेलात मोठी परिषद, तिचे टेबलक्लॉथ संध्याकाळपर्यंत कडक करून द्यायचे, आणि वाफ नाही. खळीच्या पातेल्याला वाफेची नळी असते, ती थंडगार. भोवऱ्यानं कोपऱ्यातल्या शेगडीवर पाण्याच्या मोठ्या किटल्या चढवल्या आणि थोडी थोडी खळ बादलीत करायला घेतली. आधी पीठ थंड पाण्यात कालवायचं, गुठळी मोडायची, मग वरून उकळतं पाणी बारीक धारेनं सोडत ढवळायचं. एक बादली झाली की दुसरी. सुपरवायझर दर दोन मिनिटांनी येऊन डोक्यावर उभा. प्रेसवाल्या बायका रिकाम्या हातांनी बसून आणखी बडबडत होत्या.

ठमी रफूच्या टेबलावरून उठून त्याच्याजवळ आली.

"बाबा, आज सांगायचंय त्यांना. चारच्या आत."

तो म्हणाला, सांग की, येत नाही म्हणून. ती म्हणाली, मी नाही सांगणार, तुम्ही सांगा. तो म्हणाला, आत्ता ह्या गोंधळात? ती म्हणाली, तुमचा गोंधळ कधी नसतो? हे बोलताना तिचा आवाज चिडका झाला होता, आणि तिच्या वरच्या ओठावर घाम होता. ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं मनगट वळवलं. ग्लासाची वेळ होऊन गेली होती. आज पहिल्यांदा घड्याळ वाजलेलं त्याला ऐकू आलं नव्हतं. बॉयलरवाल्यांची हातोड्यांची ठोकाठोक चालू होती.

त्यानं बादली तशीच सोडली, पिशवीतून ग्लास काढला, घरच्या डब्यातलं पीठ घातलं, माठातलं थंड पाणी घातलं, चमचा फिरवला. तेवढ्यात सुपरवायझरनं मागून विचारलं, तिसरी बादली कुठाय? झाली, झाली, म्हणत तो वळला, त्याच्याशी बोलत राहिला, आणि त्याचे हात पुढचं काम करत राहिले. इतकी वर्षं करत होते तसंच. मग त्यानं मागं न बघता ग्लास लेकीच्या हातात दिला; खळीनं निबर झालेल्या बोटांना तो गरम लागलाही नाही.

"पी पटकन."

ठमीनं तो ऊन ग्लास ओढणीत धरला, तोंडापर्यंत नेला नाही. तिनं तो शेगडीच्या वरच्या झरोक्याकडे, उजेडात धरला. मग तिरका केला. आतलं काही हललं नाही.

"बाबा," ती हळू म्हणाली, "ही खळ आहे."

त्यानं वळून पाहिलं. ग्लासात काचेसारखं, दाट, आरपार दिसणारं काहीतरी थरथरत होतं. मघापासून बादल्यांत जे करत होता तेच. किटलीचं तोंड अजून वाफाळत होतं. बहिणीनं केलं ते मायेनं केलं होतं. ह्याला तेही म्हणायची सोय नव्हती.

पुढचं सगळं त्याच्या हातून घाईघाईत झालं. त्यानं तो ग्लास मोरीत भिरकावला, दुसरा घ्यायला गेला, डबा ओढला, आणि तो हातातून निसटून उपडा झाला. पीठ ओल्या फरशीवरून गटारीत वाहून गेलं. तो लाँड्रीच्या पोत्याकडे धावला, मूठ भरून बाहेर काढली, तर तिच्यात निळे कण. मूठ झटकली आणि कोपऱ्यावरच्या दुकानाकडे पळायला निघाला. त्याला दिसत होती ती ओलीगार पडलेली, आत्याच्या मांडीवरची पोर, आणि ह्या वेळी खापर फोडायला आत्या नव्हती.

"बाबा, कुठं जाऊ नका," ठमी म्हणाली. "बसा तिथं."

तिनं आपल्या पिशवीतून एक पत्र्याचा चपटा डबा काढला, बटणांचा असतो तसला. त्यातली ग्लुकोजची गोळी जिभेखाली ठेवली. मग डब्यातलं पीठ चमच्यानं मोजून आपल्या पाणी प्यायच्या भांड्यात घातलं, नळाचं पाणी सोडलं, ढवळलं. भांडं उजेडाकडे नेलं, आत डोकावून बघितलं आणि उभ्या उभ्या पिऊन टाकलं. भांडं विसळलं. नंतर ती रफूच्या टेबलाला टेकून, डोळे मिटून उभी राहिली. तिच्या ओठांचा रंग हळूहळू परत आला.

भोवरा चादरींच्या ढिगावर बसला होता. कधी बसला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पैजेचा चहा कुणी मागितला नाही.

मग त्यानं विचारलं, हा डबा कधीपासून आहे तुझ्याकडे? ठमीनं सांगितलं, आजोबा गेले तेव्हापासून. आत्यानं मागच्या दारी, कपडे वाळत घालता घालता दिला होता. पीठ ती आपलं आपण भरून ठेवायची, जुनं झालं की बदलायची. शाळेतसुद्धा दप्तरात असायचा. बाप सायकल दामटत यायचा तेव्हाही तो तिच्या दप्तरात होताच.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"ताई काय म्हणाली होती देताना?"

ठमीनं जरा आठवलं. "म्हणाली, माझा हात मायेनं चुकला. तुझ्या बाबाचाही कधीतरी चुकेल, तो दमलाय. कुणी का देईना, पिण्याआधी बघत जा. आणि आपलं आपल्याजवळ ठेव."

तो दमलाय. इतक्या वर्षांत त्याला हे कुणी म्हटलं नव्हतं, तो स्वतःही कधी म्हणाला नव्हता. त्याला रडू आलं, आणि तोंड लपवायला हाताशी चादर होती ती त्यानं तोंडाला लावली. सुपरवायझर तिसऱ्या बादलीचं विचारायला आला होता, तो न विचारताच परत गेला. बिल्ले सोडवणारी बाई उठली आणि तिनं त्याची बादली ढवळायला घेतली.

चार वाजायच्या आत त्यानं बहिणीला फोन लावला. काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं, पण तिचा आवाज ऐकल्यावर त्यातलं काही उरलं नाही.

"ताई, आज मी ठमीला खळ दिली," तो म्हणाला.

"प्यायली?"

"नाही. तिनं बघितलं. तुझा डबा होता."

"बरं झालं," बहीण म्हणाली. मग म्हणाली, "तू जेवलास का काही?"

दवाखान्याच्या पायऱ्यांवरचं त्यानं त्या फोनवर काढलं, चुकलो म्हणाला, आणि तिनं ऐकून घेतलं. झालं गेलं गंगेला मिळालं असलं काही ती म्हणाली नाही. खूप लागलं होतं रे, एवढंच म्हणाली. आणि पोरीची खोली मी केव्हाची झाडून ठेवलीय, असंही म्हणाली.

पंधरवड्यानं तो ठमीला पोचवायला गेला. गाडीत त्यानं पिशवी तीनदा उघडून तपासली, आणि चौथ्यांदा उघडायला गेला तेव्हा ठमीनं ती आपल्या मांडीवर घेतली. बहिणीचं घर लहान, दोन खोल्यांचं. ती म्हातारी झाली होती, हे त्याला दारातच दिसलं. तिनं पोरीच्या गालांवरून हात फिरवला, ह्याच्या हातातली ट्रंक घेतली, आणि मधली इतकी वर्षं कुठं ठेवायची ते दोघांनाही न कळल्यामुळं तिघंही काही वेळ पंख्याविषयी बोलत राहिले.

दुपारी ग्लासाची वेळ झाली. भोवऱ्याचं घड्याळ वाजलं आणि तो सवयीनं उठला. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. बहीण ओट्याशी उभी होती, शेगडीकडे पाठ करून, माठाच्या बाजूला तोंड करून. शेगडी बंद होती. जेवणं झाल्यापासून तिनं ती पेटवलीच नव्हती. ती चमचा हळू फिरवत होती आणि पुन्हा पुन्हा ग्लासात डोकावत होती. त्याला वाटलं, पुढं व्हावं, ग्लास घ्यावा, आपणच करावा. ह्या वाटण्याला त्याला चांगलंच बांधून ठेवावं लागलं. तो परत वळला, बाहेरच्या खोलीत आला, भिंतीशी असलेल्या स्टुलावर बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

बहीण ग्लास घेऊन आली. आली ती सरळ त्याच्यासमोर, आणि तिनं तो खिडकीच्या उजेडात त्याच्यापुढं धरला. पांढरा आहे का, पातळ आहे का, ते बघायला त्यानं मान वर केली नाही.

"मला नको दाखवू, ताई," तो म्हणाला. "तिला दाखव."

ठमीनं ग्लास घेतला, उजेडाकडे नेला, बघितला आणि प्यायली. भोवरा बसून होता.